आइसलँडमधून प्रो गोल्फर व्हायचं तर: वर्षाची आखणी, क्यू-स्कूल आणि पैशांचं गणित

आइसलँडमध्ये गोल्फचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबरअखेर चालतो. व्यावसायिक टूरचं (वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा-मालिकेचं) दार उघडणारी पात्रता स्पर्धा, जिला सगळे क्यू-स्कूल म्हणतात, ती ऑगस्टच्या सुमारास सुरू होते आणि तिचे निर्णायक टप्पे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. म्हणजे खेळाडूचा खेळ ज्या आठवड्यांत सगळ्यात धारदार हवा, नेमकं त्याच आठवड्यांत घरचं मैदान बंद झालेलं असतं किंवा हिवाळी ग्रीन्सवर (होलभोवतीच्या तात्पुरत्या हिरवळीवर) कसंबसं चालू असतं. प्रतिभा, प्रशिक्षक, प्रायोजक या सगळ्यांचं महत्त्व आहेच; पण आइसलँडच्या गोल्फरची कारकीर्द आधी या वेळापत्रकावर ठरते आणि बाकीचं सगळं त्याभोवती बसवावं लागतं.

आजवर मोठ्या टूरवर पोहोचलेल्यांकडे पाहिलं की हे लगेच दिसतं. बिर्गिर लेईफुर हाफथोर्सनने २००६ च्या शेवटी क्यू-स्कूल पार केलं आणि २००७ मध्ये तो युरोपियन टूरवर खेळला. तिथलं कार्ड, म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क, मिळवणारा तो पहिला आइसलँडर. ओलाफिया थोरुन क्रिस्टिन्सडॉटिर डिसेंबर २०१६ मध्ये एलपीजीएच्या (अमेरिकेतल्या महिलांच्या मुख्य टूरच्या) क्यू-स्कूलमध्ये दुसरी आली आणि २०१७ मध्ये एलपीजीए टूरवर दाखल झालेली पहिली आइसलँडर ठरली. ग्वुदमुंदुर आउगुस्त क्रिस्त्यान्सनने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पेनमधल्या अंतिम टप्प्यातून डीपी वर्ल्ड टूरचं (युरोपियन टूरचंच नवं नाव) कार्ड मिळवलं. तिघेही हिवाळ्याच्या तोंडावर, परदेशातल्या गवतावर खेळून आत गेले.

क्लब आणि हँडिकॅप: आकड्यावर भाळू नका

आइसलँडमध्ये साठाहून अधिक मैदानं आहेत, पण त्यातली बरीचशी नऊ होलची. रेक्याविक गोल्फ क्लब १९३४ चा, राष्ट्रीय महासंघ १९४२ चा. गंभीर खेळाडूने क्लब निवडताना मैदानाच्या देखणेपणापेक्षा हिवाळी सोय आधी पाहावी. रेक्याविक क्लबची बासार ही मजली सराव रेंज, हाफनारफ्योर्दुरच्या केइलिर क्लबचं ह्राउनकोत हे सराव केंद्र, कोपावोगुर आणि गार्दाबाईरच्या संयुक्त क्लबचं सिम्युलेटर असलेलं केंद्र या जागा इथल्या खेळाडूचं अर्धं वर्ष सांभाळतात. क्लबला विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत: नोव्हेंबर ते मार्चमध्ये आठवड्याला किती तास मिळतील, लाँच मॉनिटर (चेंडूचा वेग आणि फिरकी मोजणारं यंत्र) आहे का, पटिंग (ग्रीनवर चेंडू घरंगळवणं) आणि चिपिंगसाठी (ग्रीनजवळचा छोटा फटका) छताखाली किती जागा आहे, आणि प्रशिक्षक हिवाळ्यातही वेळ देतो का.

मग हँडिकॅप. जागतिक पद्धतीत हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ फेऱ्यांवरून निघतो. उरलेल्या १२ वाईट फेऱ्या त्यात दिसतच नाहीत. व्यावसायिक स्पर्धेत मात्र त्या वाईट फेऱ्याच घरी पाठवतात. म्हणून खेळाडूने स्वतःची एक वेगळी वही ठेवावी: सगळ्या २० फेऱ्यांची कोर्स रेटिंगच्या (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूकडून त्या मैदानावर अपेक्षित स्कोअरच्या) तुलनेत सरासरी. आमच्या मते प्रो होण्याचा विचार करणाऱ्याची ही सरासरी, त्यातही परदेशी मैदानांवरच्या फेऱ्यांची, कोर्स रेटिंगपेक्षा तीन-चार फटक्यांनी कमी हवी. प्लस चारचा (शून्याहून चार फटके सरस) हँडिकॅप असून सरासरी जेमतेम रेटिंगइतकी येणारा खेळाडू अजून तयार नाही, मग त्याची सर्वोत्तम फेरी कितीही झगझगीत असो.

याच वहीत वाऱ्याचा रकाना असू द्या. हँडिकॅप पद्धतीत त्या दिवसाच्या परिस्थितीसाठी उणे १ ते अधिक ३ पर्यंत सुधारणा होते. सोसाट्याच्या वाऱ्यात मैदान याहून कठीण होऊ शकतं. वारा मीटर प्रति सेकंदात लिहून ठेवला, की उन्हाळ्याअखेरीस आपण वाऱ्यात बिघडतो की शांत हवेत, हे कळतं. आइसलँडच्या बऱ्याच खेळाडूंची अडचण उलटी निघते: ते वाऱ्यात ‘पार’ (होलसाठी ठरलेले फटके) खेळून जातात, पण जिथे सगळे बर्डीमागून बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) करतात त्या शांत, मऊ मैदानावर मागे पडतात. स्पेनमधलं क्यू-स्कूल बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचं असतं.

वारा आणि थंडी: घरच्या हवेतून काय घ्यायचं

समोरून येणाऱ्या वाऱ्याचा ढोबळ हिशेब असा: दर ताशी मैलामागे अंतर जवळपास एक टक्का घटतं, मागून वारा असेल तर अर्धा टक्काच वाढतं. ५ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी सुमारे ११ मैल. समोरून असा वारा असेल तर १५० मीटरचा फटका साधारण १६५ मीटरचा समजून खेळायचा. मागून असेल तर १४२ च्या आसपास. समोरच्या वाऱ्यात नेहमीपेक्षा दोन पायऱ्या लांब मारणारा क्लब, म्हणजे काठी, घ्या, चेंडू किंचित मागे ठेवा आणि पाऊण स्विंग करा. जोर वाढवला की फिरकी वाढते, चेंडू वर चढतो आणि तिथेच लटकून खाली पडतो. आडव्या वाऱ्यात शिकाऊ खेळाडू चेंडू वाऱ्याविरुद्ध वळवायला जातात. आधी वाऱ्याला जागा देऊन सरळ मारायला शिकावं, वळवणं नंतर.

थंडीचा परिणाम वाऱ्यापेक्षा कमी, पण नक्की असतो. तापमान १० अंश सेल्सियसने उतरलं की ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारणाऱ्या क्लबचा) कॅरी, म्हणजे हवेतलं अंतर, ढोबळमानाने ३ ते ४ मीटर घटतो. थंडगार चेंडू आणि अंगावरचे तीन थर आणखी कमी करतात. म्हणून अंतरांचे दोन तक्ते हवेत, एक ८ ते १२ अंशांचा आणि दुसरा २० ते २५ अंशांचा. जुलैत घरी काढलेली अंतरं घेऊन ऑक्टोबरमध्ये स्पेनला गेलेला खेळाडू पहिल्या दिवशी ग्रीनच्या मागे मागे चेंडू टाकत राहतो. नियमाची एक बाब इथेच सांगायला हवी: हात गरम ठेवायला हँडवॉर्मर चालतो, पण चेंडू मुद्दाम तापवून त्याने फटका मारला तर थेट बाद ठरवलं जातं. चेंडू आणि हँडवॉर्मर एकाच खिशात ठेवण्याची सवय म्हणून लावूच नये.

अंतराची एककंही पक्की करून टाका. आइसलँडमध्ये मैदानं मीटरमध्ये मोजतात, अमेरिकेत यार्डात. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड. दहा टक्के मिळवण्याची युक्ती १५० पर्यंत चालते. २०० मीटरवर मात्र ती एका यार्डाहून जास्त चुकते. कॉलेजसाठी अमेरिकेला जाणाऱ्याने सहा महिने आधीपासून यार्डातच विचार करायला लागावं.

हिवाळ्याचे पाच महिने

रेक्याविकमध्ये डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उजेड जेमतेम चार तास असतो. जूनमध्ये तोच एकवीस तासांवर जातो. उन्हाळ्यात रात्री दहाला नऊ होल खेळून सराव भरून काढता येतो. हिवाळ्यात सगळं छताखाली. तिथे दोन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली मॅटमुळे. मॅटवर क्लब चेंडूच्या चार-पाच सेंटिमीटर मागे टेकला तरी घसरत पुढे जातो आणि फटका ठीकठाक निघतो. पडद्यावर आकडेही बरे दिसतात. तोच स्विंग मऊ गवतावर केला तर क्लब जमिनीत रुततो आणि चेंडू वीस मीटर तोकडा पडतो. पाच महिने अशी चूक पचत राहिली की ती अंगवळणी पडते. उपाय स्वस्त आहे: घडी घातलेला टॉवेल चेंडूच्या १० सेंटिमीटर मागे ठेवा आणि क्लब टॉवेलला न लागता चेंडूवर न्या. टॉवेल हलला तर तो फटका मोजायचाच नाही, पडदा काहीही म्हणो. सोबत क्लबच्या तोंडावर पावडरचा फवारा मारून चेंडू कुठे लागतो ते दर दहा फटक्यांनी पाहा.

दुसरी मोजमापामुळे. रडारवर चालणाऱ्या लाँच मॉनिटरला छताखाली चेंडूच्या उड्डाणासाठी पुरेशी जागा लागते; जाळी जवळ असेल तर फिरकीचा आकडा मोजलेला नसतो, अंदाजाने काढलेला असतो. चेंडूवर धातूचा छोटा ठिपका चिकटवला किंवा त्यासाठीच बनवलेला चेंडू वापरला की आकडा भरवशाचा होतो. रेंजवरच्या चेंडूंनी वेजची (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबची) अंतरं ठरवू नयेत. त्यांची उंची आणि फिरकी स्पर्धेच्या चेंडूपेक्षा वेगळी असते.

नोव्हेंबर आणि डिसेंबर शरीरासाठी आणि स्विंगमधल्या मोठ्या दुरुस्तीसाठी ठेवा. मोठी दुरुस्ती करायची तर इथेच. जानेवारीनंतर नवीन काही सुरू करायचं नाही, आणि सप्टेंबरमध्ये तर मुळीच नाही. क्यू-स्कूलच्या आधी महिनाभर पकड किंवा बॅकस्विंग बदलणारे खेळाडू दरवर्षी दिसतात. दडपणाखाली त्यांच्या हातून ना जुना स्विंग होतो ना नवा. आठवड्यातला निम्मा वेळ पटिंगला द्या. दीड मीटरवर दोन टी रोवून पटरच्या रुंदीपेक्षा किंचित मोठं दार करायचं आणि त्यातून पट मारायचा. सलग वीस होईपर्यंत पुन्हा सुरुवात. कार्पेटचा वेग एकच असतो, त्यामुळे लांब पटचा अंदाज हिवाळ्यात बोथट होतो. हे टाळता येत नाही, म्हणून त्याची भरपाई प्रवासात करायची.

फेब्रुवारी-मार्चमध्ये स्पेनची वारी लागते. तिथे पोहोचल्यावर बहुतेक जण आधी ड्रायव्हर काढतात, कारण पाच महिन्यांनी चेंडू पूर्ण उडताना दिसतो. तो मोह आवरा. पहिले तीन दिवस गवतावरून वेज, बंकर आणि ६ ते १५ मीटरचे पट. चौथ्या दिवशी लोखंडी क्लब. पहिली पूर्ण फेरी पाचव्या दिवशी. छताखाली ड्रायव्हर फारसा बिघडत नाही. बिघडतो तो वाळूतला, उतारावरचा आणि उंच गवतातला फटका, कारण तो पाच महिने मारलेलाच नसतो.

अमेरिकेतलं कॉलेज

आइसलँडच्या बहुतेक प्रो खेळाडूंची वाट अमेरिकी विद्यापीठातून गेली आहे. ओलाफिया वेक फॉरेस्टला होती, वाल्दिस थोरा योन्सडॉटिर टेक्सस स्टेटला, हाराल्दुर फ्रांकलिन मागनूस लुइझियाना-लाफायेतला, ग्वुदमुंदुर ईस्ट टेनेसी स्टेटला, आक्सेल बोआसन मिसिसिपी स्टेटला, गुद्रुन ब्रा ब्योर्ग्विन्सडॉटिर फ्रेस्नो स्टेटला. कारण उघड आहे: घरी बर्फ असताना चार वर्षं गवतावर खेळायला मिळतं, प्रशिक्षक आणि प्रवासाचा खर्च विद्यापीठ उचलतं आणि हातात पदवी येते.

तयारी शाळा संपायच्या दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवी. आइसलँडमध्ये उच्च माध्यमिक शिक्षण साधारण एकोणिसाव्या वर्षी संपतं, म्हणजे अमेरिकी मुलांपेक्षा वर्षभर उशिरा; त्यामुळे मध्ये आणखी एखादं वर्ष रिकामं घालवलं तर एनसीएएच्या (अमेरिकी विद्यापीठ क्रीडा संघटनेच्या) पात्रतेची वर्षं कमी होऊ शकतात. पहिल्या श्रेणीसाठी ठरवून दिलेले १६ मूलभूत विषय आणि त्यांत किमान २.३ ची सरासरी लागते. गुणपत्रिका इंग्रजी भाषांतरासह पात्रता केंद्राकडे वेळेत पोहोचल्या पाहिजेत. प्रवेश अडकतो तो बहुतेक वेळा इथेच. २०२५-२६ पासून नवी पद्धत स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांच्या संख्येऐवजी संघाच्या आकारावर मर्यादा आली आहे आणि गोल्फसाठी ती नऊ खेळाडूंची आहे. प्रशिक्षकाला पत्र लिहिताना ‘मला गोल्फ फार आवडतो’ वगैरे नको: जागतिक हौशी क्रमवारीतलं स्थान, शेवटच्या दहा बहुदिवसीय स्पर्धांचे स्कोअर मैदानाच्या रेटिंगसह, आणि दोन बाजूंनी घेतलेला स्विंगचा व्हिडिओ, एवढं पुरे.

विद्यापीठ निवडताना नावापेक्षा संघातली जागा मोठी. स्पर्धेला पाच जण जातात, त्यांतले सर्वोत्तम चार स्कोअर धरले जातात. नऊ जणांच्या बलाढ्य संघात सातवा राहून घरी बसण्यापेक्षा मध्यम संघात दुसरा राहून दर स्पर्धा खेळणं कितीतरी चांगलं. कॉलेजच्या बऱ्याच स्पर्धांत पहिल्या दिवशी ३६ होल असतात आणि बॅग स्वतःच वाहायची असते. ही सवय पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते, कारण यूएस विमेन्स ओपनची पात्रता फेरी आणि ब्रिटनमधल्या द ओपनची अंतिम पात्रता फेरी, दोन्ही एकाच दिवशी ३६ होलच्या असतात. हाराल्दुर २०१८ मध्ये अशाच फेरीतून कार्नूस्टीला, त्या वर्षीच्या द ओपनला, पोहोचला. मेजर (सगळ्यात मोठ्या मोजक्या स्पर्धांपैकी एक) खेळणारा तो पहिला आइसलँडर पुरुष.

हौशी दर्जा कधी सोडायचा

जानेवारी २०२२ पासून हौशी खेळाडूला प्रायोजक घेता येतो, स्वतःच्या नावावर खर्चाचे पैसेही मिळवता येतात. दर्जा जातो तो ठरावीक गोष्टींनी: ७०० पौंड किंवा १,००० डॉलरच्या मर्यादेपलीकडचं बक्षीस घेतलं, व्यावसायिक म्हणून स्पर्धा खेळली, शिकवण्याचे पैसे घेतले. त्यामुळे फक्त पैशांसाठी घाईने प्रो होण्याचं कारण आता उरलेलं नाही. क्यू-स्कूलही हौशी म्हणून खेळता येतं. कार्ड मिळालं तर त्या आठवड्यात दर्जा बदला. नाही मिळालं तर कॉलेजचं उरलेलं वर्ष हातचं जात नाही. आइसलँडची राष्ट्रीय स्ट्रोक-प्ले (एकूण फटके मोजून खेळायची) अजिंक्यपद स्पर्धा प्रो आणि हौशी दोघांनाही खुली असते. बिर्गिर लेईफुरने ती सात वेळा जिंकली आणि ओलाफियाने २०१६ मध्ये प्रो असतानाच जिंकली. म्हणजे प्रो झाल्यावर घरची मोठी स्पर्धा सुटते, ही भीती मनातून काढून टाकावी.

शिडीच्या पायऱ्या

पुरुषांसाठी पहिली पायरी नॉर्डिक गोल्फ लीग. स्पर्धा बहुतेक तीन फेऱ्यांच्या, हंगामाची सुरुवात स्पेनमध्ये, नंतर डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड. गुणतालिकेतल्या पहिल्या पाच जणांना वरची टूर मिळते. तीच पूर्वीची चॅलेंज टूर, जिला आता हॉटेलप्लॅनर टूर म्हणतात. एका हंगामात तीन स्पर्धा जिंकणाऱ्यालाही तिथे बढती मिळते. आक्सेलने २०१७ मध्ये ही गुणतालिका जिंकली, ग्वुदमुंदुरने २०१९ मध्ये तीन स्पर्धा जिंकल्या. चॅलेंज टूरवर जिंकलेला पहिला आइसलँडर बिर्गिर लेईफुर, २०१७ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दों ओपनमध्ये. महिलांसाठी अशीच पायरी म्हणजे लेडीज युरोपियन टूरची ॲक्सेस सीरीज.

डीपी वर्ल्ड टूरच्या क्यू-स्कूलचे तीन टप्पे. पहिले दोन ७२ होलचे, अंतिम १०८ होलचा, म्हणजे सलग सहा दिवस, आणि चार दिवसांनंतर कट, म्हणजे मागे पडलेले खेळाडू बाहेर. अंतिम टप्पा गेली काही वर्षं तारागोनाजवळच्या इन्फिनिटममध्ये हिल्स आणि लेक्स या दोन मैदानांवर झाला आहे. एलपीजीएचंही तीन टप्प्यांचं. लेडीज युरोपियन टूरचा अंतिम टप्पा डिसेंबरमध्ये स्पेन किंवा मोरोक्कोत झाला आहे.

आइसलँडच्या खेळाडूने इथे कॅलेंडर उलट्या बाजूने आखावं. अंतिम टप्प्याची तारीख लिहा, तिच्या दहा-चौदा दिवस आधी त्याच हवामानात मुक्काम ठरवा, आणि सप्टेंबर संपताच घर सोडा. ‘दुसरा टप्पा पार झाला की तिकीट काढू’ हा विचार महागात पडतो: दोन टप्प्यांच्या मध्ये परत जाऊन दोन आठवडे मॅटवर मारलं, तर उन्हाळ्यात कमावलेला गवताचा स्पर्श गमावून खेळाडू अंतिम फेरीला उतरतो. प्रवेश अर्जाची मुदत आणि शुल्काची तारीख उन्हाळ्यातच येते, आणि उशिरा अर्ज करणाऱ्याला जास्त पैसे द्यावे लागतात किंवा नको ते मैदान मिळतं.

सहा फेऱ्यांच्या स्पर्धेत एका फेरीच्या विक्रमाला काही अर्थ नसतो. तिथे डबल बोगी (पारपेक्षा दोन फटके जास्त) टाळणारा टिकतो. सरावाच्या फेरीत ध्वजाकडे न पाहता प्रत्येक ग्रीनची ‘मेलेली’ बाजू वहीत नोंदवा, जिथून चिप करून पार वाचवणं अवघड आहे ती. नंतर सहाही दिवस त्या बाजूला चेंडू जाणार नाही, एवढंच लक्ष्य ठेवून क्लब निवडा. पार पाचच्या होलवर वेजने तिसरा फटका मारायला आवडतं ते अंतर, समजा ८५ मीटर, आधीच ठरवून तिथेच चेंडू थांबवा.

कार्ड म्हणजे रांगेतली जागा

क्यू-स्कूलमधून मिळालेलं कार्ड दर आठवड्याच्या प्रवेशाची हमी देत नाही. प्रत्येक टूरवर अग्रक्रमाच्या श्रेणी असतात. विजेते वर, मग गेल्या वर्षीचे टिकलेले, आणि क्यू-स्कूलवाले बरेच खाली. त्या श्रेणीतही क्यू-स्कूलमध्ये जो वर आला तो आधी. म्हणून शेवटच्या दिवशी कार्ड नक्की झाल्यावरही प्रत्येक फटका मोलाचा. ओलाफिया दुसरी आली होती, त्यामुळे जानेवारी २०१७ मध्ये बहामासच्या पहिल्याच स्पर्धेत तिला जागा मिळाली आणि तिथे तिने कटही पार केला.

हंगामाच्या मध्ये क्रमवारी नव्याने लावतात. तोवर जे थोडे आठवडे मिळतील त्यांत काहीतरी कमवावंच लागतं. ओलाफियाचा २०१७ चा हंगाम यासाठी नीट पाहण्यासारखा आहे. बऱ्याच आठवड्यांत कट चुकला. जुलैमध्ये स्कॉटिश ओपनमध्ये ती वरच्या पंधरांत आली. सप्टेंबरमध्ये इंडियानापोलिसच्या तीन फेऱ्यांच्या स्पर्धेत चौथी. त्या एका आठवड्याने तिच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा दिला आणि पुढच्या वर्षाचं कार्ड वाचलं. त्याच वर्षी ती देशाची सर्वोत्तम क्रीडापटू ठरली. हा मान मिळालेली ती पहिली गोल्फर. पुढचं २०१८ मात्र तितकं चांगलं गेलं नाही आणि पूर्ण कार्ड हातातून निसटलं. पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात सलग चारपेक्षा जास्त आठवडे घेऊ नका, हा आमचा ठाम सल्ला आहे. आपल्या खेळाला मानवणारी दोन-तीन मैदानं आधी ओळखा आणि त्या आठवड्यांना ताज्या अंगाने पोहोचा. एका चांगल्या आठवड्याने वर्ष सावरतं ते असं.

पैसे

कट चुकला की बक्षीस शून्य, खर्च पूर्ण. ३ लाख युरोंच्या स्पर्धेत विजेत्याला साधारण १६ टक्के, म्हणजे ४८ हजार मिळतात. कट जेमतेम पार करणाऱ्याच्या हाती हजाराच्या आसपास येतात आणि त्यातून विमान, हॉटेल, जेवण भागतंच असं नाही. मोठ्या टूरवर कॅडीला आठवड्याचं मानधन आणि वर बक्षिसातला वाटा द्यावा लागतो. रूढ प्रमाण कट पार केल्यास ५, पहिल्या दहांत ७ आणि विजयाला १० टक्के. खालच्या टूरवर ट्रॉली स्वतः ओढा. ते पैसे प्रशिक्षकाला एखाद्या स्पर्धेला सोबत नेण्यावर घाला.

हिशेब दोन वर्षांचा मांडा आणि त्यात बक्षिसाची रक्कम शून्य धरा. एवढ्या खर्चाची सोय नसेल तर खेळाडू तिसऱ्या महिन्यापासून कटकडे बघून पट मारायला लागतो. महासंघ आणि कंपन्यांनी मिळून २०१२ मध्ये उभा केलेला फोर्स्कोत हा निधी प्रो आणि होऊ घातलेल्या खेळाडूंना मदत करतो. बाकी पैसा प्रायोजकांकडून येतो. करारात तीन कलमं नीट पाहा: पैसे निकालावर न अवलंबता तिमाही मिळावेत, दुखापतीत करार लगेच तुटू नये, आणि कंपनीच्या कार्यक्रमांचे दिवस मोजून दिलेले असावेत, त्यातला एकही सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये नको. मदत आइसलँडच्या क्रोनामध्ये येते आणि खर्च युरो-डॉलरमध्ये होतो. क्रोना घसरला की तेच बजेट दोन स्पर्धांनी कमी पडतं. म्हणून मदत आली की पुढच्या तिमाहीचे युरो लगेच घेऊन ठेवावेत.

कराचंही लक्षात असू द्या. अमेरिकेत अनिवासी खेळाडूच्या बक्षिसातून सर्वसाधारणपणे ३० टक्के आधीच कापले जातात, स्पेनमध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या रहिवाशाचे १९. प्रत्येक स्पर्धेनंतर कपातीचा दाखला मागून घ्या. तो नसेल तर घरी विवरणपत्र भरताना तीच कमाई दुसऱ्यांदा करात जाऊ शकते.

सामान आणि शरीर

केफ्लाविकहून बहुतेक प्रवास एक तरी विमान बदलूनच होतो, आणि बॅग हरवते ती तिथेच. ड्रायव्हरचं डोकं काढून मऊ कापडात गुंडाळा, पाना बॅगेतच ठेवा. लांब दांडा मोडतो तो डोकं लावलेलं असताना. बूट, हातमोजे, अंतरमापक आणि एक डझन चेंडू हातातल्या बॅगेत. चौदाही क्लबांचा लॉफ्ट, लाय, लांबी, दांड्याचा प्रकार आणि पकडीची जाडी लिहिलेला कागद फोनमध्ये असला की हरवलेल्या संचाच्या जागी टूरच्या व्हॅनमधून दोन दिवसांत जवळपास तसाच संच उभा राहू शकतो.

थंडीत पाठ आधी तक्रार करते. ५ अंशांत, वाऱ्यात, तीन थर घालून सकाळी सातला पहिला ड्रायव्हर मारायचा असेल तर त्याआधी किमान वीस मिनिटं अंग तापवलेलं हवं: कंबर आणि मांड्यांची हालचाल, मग वेज, मग वर. वाल्दिस थोरा लेडीज युरोपियन टूरवर दोनदा तिसरी आली होती, २०१७ चं यूएस विमेन्स ओपन खेळली होती. दुखापतींमुळे तिला २०२१ मध्ये थांबावं लागलं. नोव्हेंबर-डिसेंबर शरीरासाठी राखायला सांगतो ते यासाठी.

देशासाठी खेळण्याचे आठवडेही कॅलेंडरमध्ये धरा. २०१८ मध्ये ग्लेनईगल्सला युरोपीय अजिंक्यपदाच्या मिश्र सांघिक स्पर्धेत ओलाफिया, वाल्दिस, बिर्गिर लेईफुर आणि आक्सेल यांनी सुवर्ण जिंकलं. चारही प्रो आपापल्या टूरमधून वेळ काढून आले होते.

आणि थांबायचं कधी, हे सुरुवातीलाच कागदावर लिहून प्रशिक्षकाकडे द्या: किती क्यू-स्कूल, किती पैसे, कोणत्या वयापर्यंत. थांबल्यावर दोन रस्ते उरतात. प्रशिक्षक व्हायचं असेल तर आइसलँडच्या पीजीएचा (व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेचा) अभ्यासक्रम. आणि पुन्हा हौशी म्हणून खेळायचं असेल तर महासंघाकडे दर्जा परत मिळवण्याचा अर्ज. तो मंजूर होईपर्यंत प्रतीक्षेचा काळ जातो, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात क्लबच्या संघात हौशी म्हणून उतरायचं असेल तर अर्ज शरद ऋतूतच टाका.